टायर खाणारी गाडी

विन्काने ट्रकच्या पुढच्या चाकापाशी उकिडवं बसून टायरवरून हात फिरवला. बाहेरून आत नेला तेव्हा बोटांना करवतीच्या दातांसारखं काहीतरी टोचलं. आतून बाहेर आणला तेव्हा हात अलगद सरकला. ती उठून दुसऱ्या चाकापाशी गेली. तिथेही तेच. आणि आतल्या कडेला, जिथे सहसा कोणी वाकून पाहत नाही, तिथे टायरवरची नक्षी जवळजवळ पुसली गेली होती.

गाडी नवी होती. मागच्या द्राक्षांच्या हंगामात आमच्या तेलघाण्याच्या सोसायटीने ती घेतली, तेव्हा पाद्रीबाबांनी तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं आणि अर्ध्या बेटाने तिच्या नावाने वाइन प्याली. तिची वॉरंटी अजून चालू होती. तरीही ईस्टरपर्यंत पुढच्या टायरांचा पहिला जोड टकला झाला. समुद्रापलीकडच्या स्प्लिट शहरातल्या वर्कशॉपने चाकांचं अलाइनमेंट फुकट करून दिलं, सोसायटीने नवे टायर घातले, आणि आता ऑलिव्हची तोडणी सुरू होते न होते तोच हा दुसरा जोडही त्याच वाटेने निघाला होता.

धक्क्यावर जाळी शिवत बसलेल्या याकीत्साने मान वर केली.

"काय गं, गाडी टायर खाते की तू खातेस?"

"तुला बायको जेवायला घालत नसेल तर ये," विन्का म्हणाली. "एक तुलाही वाढते."

धक्क्यावरचे सगळे हसले. विन्का हसली नाही.

ती विशीत असल्यापासून सोसायटीचा ट्रक चालवत होती. इथून तेल आणि वाइन घेऊन फेरीबोटीने पलीकडे जायचं आणि येताना पीठ, सिमेंट, गॅसच्या टाक्या, एखाद्या नवरीचं कपाट असं काहीबाही घेऊन यायचं. बेटावरच्या अरुंद वळणांवर जुना ट्रक तिने इतकी वर्षं चालवला, पण कधी कोणाच्या भिंतीला साधा ओरखडा काढला नाही. आम्ही तिला गाडीवाली विन्काच म्हणतो. आडनाव सांगितलं तर क्षणभर विचार करावा लागतो, कोण ती?

त्याच संध्याकाळी सोसायटीचा चेअरमन प्रोस्पेर तिच्याकडे आला. प्रोस्पेर वाईट माणूस नाही. पण सोसायटीतल्या प्रत्येकाचं बोलणं त्याच्या कानावर आधी पडतं, आणि ते त्याला पेलवत नाही.

"विन्का, पहिला जोड गेला तेव्हा मी म्हटलं, रस्ते खराब आहेत."

"रस्ते आहेतच खराब."

"जुन्या गाडीलाही तेच रस्ते होते. लोक विचारतात, ही बाई गाडी चालवते की नांगरते?"

"कोण लोक?"

"लोक म्हणजे लोक. हे बघ, मला तुझ्याशी भांडायचं नाही. वर्कशॉपला जा आणि लेखी नको, पण त्यांच्या तोंडून ऐकून ये, की दोष गाडीचा आहे. तसं असेल तर कंपनी बघून घेईल. पण दोष चालवण्यात असेल, तर..." त्याने टोपी काढली, परत घातली. "तर चावी फ्रानेकडे द्यावी लागेल. तो तरुण आहे. नव्या गाड्या त्याला कळतात."

फ्राने प्रोस्पेरचा भाचा. उन्हाळ्यात पर्यटकांची व्हॅन चालवतो. विन्काने मान डोलवली आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती स्प्लिटला गेली. वर्कशॉपचा मुख्य मिस्त्री नेदिल्को हा शांत, जाड भिंगांचा चष्मा लावणारा माणूस. त्याने गाडी वर उचलून घेतली, खाली शिरला, आणि बराच वेळ बाहेर आलाच नाही. मग त्याने हाक मारली.

"ये इकडे. तुझी चाकं फेंगडी झालीत."

"म्हणजे?"

नेदिल्को बाहेर आला, हात पुसले, आणि दोन्ही पायांचे चवडे बाहेर वळवून बदकासारखा वर्कशॉपभर चालून दाखवू लागला. बाकीचे मिस्त्री खुदुखुदु हसत होते. त्याला त्याचं काही नव्हतं.

"बघ. पायांची तोंडं दोन दिशांना, पण मला जायचंय सरळ. मग काय होतं? प्रत्येक पावलाला बूट थोडा फरफटतो. तुझी चाकंही फरफटतायत. गाडी सरळ चालते, तुला वर काही कळत नाही, आणि खाली टायर किसला जातो. म्हणून तर हाताला ते दात लागतात."

"पण ईस्टरला तुम्हीच सरळ केली होती ना?"

"केली होती. आता हे बघ." त्याने गाडीखालच्या एका आडव्या दांड्यावर दिवा धरला. "हा दांडा दोन्ही चाकांना मागून जोडतो. हा सरळ, तर चाकं सरळ. हा मध्ये वाकला की आखूड झाला. आखूड झाला की चाकांच्या टाचा जवळ येतात आणि चवडे बाहेर जातात. ईस्टरला तो थोडासाच वाकला असणार. आमच्या माणसाने चाकं जुळवली, दांडा निरखून पाहिला नाही. ती चूक आमची, मी नाकारत नाही. पण त्यानंतर तो आणखी वाकलाय."

"मग वॉरंटी?"

नेदिल्कोने चष्मा कपाळावर सरकवला. हे सांगताना त्याला बरं वाटत नव्हतं.

"वॉरंटी बनावटीतल्या दोषाला असते, विन्का. हा दांडा कारखान्यात वाकलेला नाही. कोणीतरी तो खालून ओढलाय. एकदा नाही, पुष्कळदा. खरं सांग, कोणाची गाडी ओढून काढलीस का? चिखलातला ट्रॅक्टर वगैरे?"

"कोणाचीच नाही."

"मी कोणाला सांगणार नाही."

"सांगायला काही असेल तर ना!"

नेदिल्कोने पुन्हा दिवा जवळ नेला. दांडा जिथे वाकला होता तिथे नखाने काहीतरी उकरलं आणि तळहातावर घेऊन तिच्यापुढे धरलं. निळा धागा होता, जाडसर, उन्हाने विटलेला.

"मला हेच कळत नाही. उघड्या साखळीने ओढला असता तर रंग पार खरवडून निघाला असता. इथे रंग नुसता घासलाय. ज्याने ओढलाय त्याने कापड गुंडाळून ओढलाय. म्हणजे गाडीला ओरखडा येऊ नये म्हणून जपलं, आणि जपता जपता तिचं हाड वाकवलं." त्याने धागा तिच्या हातावर ठेवला. "ओळखीचा वाटतो?"

"नाही," विन्का म्हणाली.

तिने तो पाहताक्षणी ओळखला होता. कुझ्माच्या मचव्यावर पूर्वी निळ्या कॅनव्हासचं छत होतं. लहानपणी त्या छताखाली ती किती दुपारी झोपली होती! मचवा मोडीत निघाला तेव्हा कुझ्माने ते छत फाडून चिंध्या करून ठेवल्या. फेरीबोटीवर ट्रक बांधताना साखळीच्या आकड्याला तो त्यातलीच एक चिंधी गुंडाळायचा. प्रत्येक फेरीला ती केबिनमधून ते बघायची, आणि मनात म्हणायची, किती जपतो म्हातारा माझ्या गाडीला.

कुझ्मा फेरीबोटीवरचा सगळ्यांत जुना खलाशी. आम्ही सगळे त्याला बार्बा म्हणतो, काका म्हणावं तसं. विन्काचा तर तो धर्मबाप. बाप्तिस्म्याच्या दिवशी तिला त्यानेच हातांवर धरलं होतं. तिचा बाप लवकर गेला, तेव्हापासून कसलाही गाजावाजा न करता तो तिच्या पाठीशी राहिला. आता बोटीच्या कंपनीला त्याला घरी बसवायची घाई झाली होती. वय झालं, नजर मंदावली, अशी कुजबुज चालायची. अशा वेळी ही गोष्ट तिने कोणत्या तोंडाने बोलायची?

नेदिल्कोला वाटलं, कोणाची तरी गाडी ओढल्याचं ती लपवतेय. पुढे काही न विचारता त्याने नवा दांडा बसवला, चाकं जुळवली, दुसरे टायर चढवले, आणि जुना दांडा वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या शेजारच्या सीटवर ठेवला.

"सोसायटीत दाखव," तो म्हणाला. "आणि हा नवा आहे. हा वाकू देऊ नकोस."

दुपारची फेरी निम्मी रिकामी होती. समुद्र ताटातल्या पाण्यासारखा स्थिर. कुझ्मा बोटीच्या उतारावर उभा राहून हातवारे करत होता.

"घे, पुढे घे. डावीकडे. अजून. बस्स! अगं बस्स म्हटलं ना, मला काय पलीकडच्या तीरावर ढकलतेस?"

विन्काने इंजिन बंद केलं. बाकीच्या गाड्यांचे लोक वर कॉफी प्यायला निघून गेले. आरशात तिला दिसलं, कुझ्मा साखळी खांद्यावर टाकून येत होता. ती खाली उतरली.

"बार्बा, आज राहू दे. समुद्र बघा, तेल ओतल्यासारखा आहे."

"समुद्राला विचारून बांधायचं नसतं."

"दुसऱ्या कोणाची गाडी बांधताय आज?"

"दुसरे मरोत. त्यांचे धर्मबाप त्यांना बघतील."

तरुणपणी एकदा वाऱ्यात सुटलेला ट्रक कुझ्माने पाहिला होता. त्या ट्रकच्या आणि बोटीच्या लोखंडी भिंतीच्या मधे त्याचा सोबती होता. तेव्हापासून विन्काची गाडी बोटीवर चढली की तो ती बांधतोच, मग आभाळ कसंही असो.

गुडघे कडकडा वाजवत तो खाली बसला. आकड्यावर निळी चिंधी होती. हात आत गेला.

"बार्बा, तिथे नको."

"तिथे नको म्हणजे? वर्षभर तिथेच बांधतोय."

"माहीत आहे."

"जुन्या गाडीला पुढे हे एवढाले दोन आकडे होते, डोळे मिटून बांधावं. हिचं तोंड म्हणजे नुसतं प्लास्टिक. बाहुली आहे बाहुली! मी पहिल्या दिवशी सगळीकडून चाचपलं, धरायला काही नाही. मग खाली शिरलो, तर हा दांडा. म्हटलं, वा! याला म्हणतात लोखंड. याला ताणून बांधलं तर बोट उलटली तरी गाडी हलायची नाही."

विन्का केबिनमधून वर्तमानपत्राचं गुंडाळं घेऊन आली आणि त्याच्यासमोर डेकवर सोडलं. दांडा डेकला टेकला आणि डुगडुगला. सरळ वस्तू अशी डुगडुगत नाही.

कुझ्माने कागद सोडून तो उचलला. एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तसं त्याच्या लांबीवरून पाहिलं.

"वाकलाय."

"हो."

"कशाने?"

कुझ्माचा अंगठा दांड्यावरून सरकत सरकत वाकलेल्या जागी आला आणि तिथेच थांबला. तिथे रंग घासला गेला होता, आणि घासलेल्या रंगात निळे तंतू रुतले होते. त्याने आपल्या दुसऱ्या हातातल्या आकड्याकडे पाहिलं.

"टायर यानेच गेले?"

"हो, बार्बा."

"दोन्ही जोड?"

"हो."

"आणि प्रोस्पेर तुझ्याकडून चावी..."

"ते राहू द्या."

तो उठला. तिने हात पुढे केला, तो त्याने घेतला नाही. साखळी ओढत नेऊन खुंटीला लावली. मग चार लाकडी ठोकळे आणले, एकेक चाकाखाली सारले, पायाने ठोकून घट्ट केले, आणि ट्रकच्या मडगार्डवर हात ठेवून उभा राहिला. बोट सुटली. विन्का केबिनमध्ये बसली. वरून कॉफीचा आणि तळलेल्या माशांचा वास येत होता. बेट येईपर्यंत कुझ्मा तिथून हलला नाही. जणू गाडी सुटली असती तर त्या एका हाताने त्याने ती धरून ठेवली असती. त्याने एकदाही वर पाहिलं नाही, आणि तिनेही काच खाली केली नाही.

रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर आम्ही नेहमीप्रमाणे घाण्याच्या खोलीत जमलो. नवं तेल निघत होतं. भाजलेला पाव आणि तेल समोर असलं की आमच्याकडची भांडणंही जरा हळू आवाजात होतात. विन्का आली आणि तिने दांडा टेबलावर ठेवला.

"हा वाकला म्हणून चाकं फेंगडी झाली, आणि चाकं फेंगडी झाली म्हणून टायर गेले," ती म्हणाली. "कंपनी काही देणार नाही. कारखान्यातून तो सरळच आला होता."

"मग वाकवला कोणी?" प्रोस्पेरने विचारलं.

"फेरीवर बांधताना साखळीने वाकला. गाडी कुठे बांधायची हे ड्रायव्हरने दाखवायचं असतं. मलाच माहीत नव्हतं, मी काय दाखवणार! बांधताना एकदाही खाली वाकून पाहिलं नाही. चूक माझी आहे."

खोलीत कोणी पाव चावेना. फेरीवर विन्काची गाडी कोण बांधतो हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. याकीत्सा उगाच खाकरला. विन्काने खिशातून चावी काढली आणि दांड्याशेजारी ठेवली.

"उचल ती."

दारात कुझ्मा उभा होता. अंगावर सणासुदीचा काळा कोट.

"मी वाकवला," तो म्हणाला. "ती नव्हती खाली. मी होतो. मीच ताणला, आणि ताणून झाल्यावर वर एक पीळही दिला, तिची गाडी म्हणून."

मग याकीत्साला राहवलं नाही.

"बार्बा, बरं झालं बेटाला कडं नाही. नाहीतर तुम्ही आम्हा सगळ्यांना स्प्लिटला बांधून टाकलं असतं!"

खोली हसून फुटली. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं होतं. कोणीतरी कुझ्मासाठी खुर्ची ओढली, कोणी ग्लास भरला, कोणी म्हणालं, जाऊ द्या बार्बा, दांडाच तो, नवा बसलाय ना!

कुझ्माने ग्लासला हात लावला नाही. तो विन्काकडे वळला, आणि तेव्हा आम्हाला कळलं की त्याला राग आमच्या हसण्याचा नव्हता.

"आणि तू. तू माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतेस? मी काय दूध सांडलेलं पोर आहे, की मोठ्या माणसाने मागून गुपचूप पुसून घ्यावं?"

"बार्बा, तुम्हाला कंपनी..."

"कंपनीचं मी बघेन. मी चुकलो तर मला चुकलो म्हणायचं. तेवढाही माझा मान राहिला नाही का?"

विन्काच्या डोळ्यांत पाणी आलं. "मी तुम्हाला वाचवायला बघत होते."

"मीही गाडीला वाचवायलाच बघत होतो," कुझ्मा म्हणाला, आणि टेबलावरच्या दांड्याकडे बोट केलं. "बघ, काय झालं ते."

मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो. पण एवढ्या थोड्या शब्दांत इतकं शिकवणं मला कधी जमलं नाही.

प्रोस्पेरने चावी उचलली, तळहातावर क्षणभर तोलली, आणि विन्काच्या समोर सरकवली.

"मला टायर टिकायला हवेत," तो पुटपुटला. "कोणाचा बळी नको. आणि फ्राने," त्याने भाच्याकडे पाहिलं, "तुला काही म्हणायचंय?"

"मला?" फ्राने पाव चावत म्हणाला. "मामा, त्या अरुंद गल्ल्यांतून ते धूड न्यायचं? मला कोणी विचारलं होतं का?"

सोमवारी सकाळी कुझ्मा धक्क्यावर गाडीपाशी हजर होता.

"बांधायची जागा दाखव. कुठेतरी असणारच. एवढं मोठं जनावर बनवणारा माणूस दावं बांधायची जागा विसरणार नाही."

दोघांनी गाडीचं तोंड चाचपलं. शेवटी दिव्याखाली हाताएवढं एक चौकोनी झाकण विन्काच्या बोटांना लागलं. ते उघडलं तर आत आटे पाडलेलं भोक होतं. सीटमागच्या हत्यारांच्या पेटीत, अजून प्लास्टिकच्या पिशवीतच, एक जाड लोखंडी कडं होतं. तिने ते भोकात घालून पिळून बसवलं. कुझ्माने दोन्ही हातांनी धरून, पाय बंपरला लावून, सगळा भार टाकून ते ओढून पाहिलं.

"बारीक आहे."

"बार्बा, हे अख्खी गाडी ओढायला दिलंय."

"बघू."

पुढच्याच आठवड्यात उत्तरेचा वारा सुटला. फेरीबोट सुटेल की नाही अशी परिस्थिती होती, पण बेकरीतलं पीठ संपत आलं होतं, म्हणून ती सुटली. विन्काने गाडी चढवली तेव्हा पाण्याचे सपकारे डेकवर येत होते. कुझ्मा साखळी घेऊन वाकला. बराच वेळ त्याची फक्त टोपी दिसत होती. मग तो उठून खिडकीपाशी आला आणि काचेवर टकटक केली.

"बांधलंय. उतर आणि बघ."

"तुम्ही बांधलंय ना, मग झालं."

"उतर म्हणतो ना! माझ्या नजरेचं काही सांगता येत नाही."

ती उतरली. वाऱ्याने दार हातातून हिसकावलं. दोघंही ओल्या डेकवर आडवी झाली, गाल जवळजवळ लोखंडाला टेकवून. तिने साखळी शोधली, कड्यातून गेलेली, आकड्यावर निळी चिंधी. मग तिने आत, मागे, आडव्या दांड्यापर्यंत नजर नेली. तो मोकळा होता.

"दिसलं?" कुझ्मा ओरडला.

"दिसलं."

"नीट?"

"अगदी नीट, बार्बा."

"मग ऊठ. वर जा आणि काहीतरी गरम पी. आणि मलाही आण."